वॉरंट कशाचं, ते विचारलंच नाही

शेजारच्या वहिनींनी त्याला जिन्यात गाठलं तेव्हा त्याच्या एका हातात हत्यारांची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात मुलीच्या शाळेसाठी आणलेला पुठ्ठा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, पण त्याच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. दिवसभर लोकांना वरखाली नेणारी यंत्रं नीट करायची आणि संध्याकाळी धापा टाकत चौथा मजला चढायचा, यावर वहिनी रोज काहीतरी टोमणा मारायच्या. आज त्यांनी टोमणा मारला नाही.

"भावजी, जरा इकडे या." त्यांनी आवाज अगदी खाली आणला. "दुपारी तुमच्याकडे पोलीस आला होता. घराला कुलूप होतं, म्हणून माझी बेल वाजवली."

"पोलीस? कशाला?"

"तुमच्या नावाचं वॉरंट आहे म्हणाला. आले की चौकीवर पाठवा म्हणाला. कशाचं वॉरंट ते मी काही विचारलं नाही बाई! आपल्याला काय करायचंय?" मग त्या आणखी जवळ आल्या. "काळजी करू नका. मी कुणालाही सांगितलेलं नाही."

याचा अर्थ तळमजल्यापर्यंत सगळ्यांना कळलं होतं, हे त्याला उरलेला जिना चढताना समजलं. एरवी बंद असणारी दोन दारं आज किलकिली होती.

वॉरंट! तुम्हीआम्ही हा शब्द ऐकतो तेव्हा डोळ्यांसमोर काय येतं? बेड्या, गाडी, गजांआडचा माणूस. त्याच्याही डोळ्यांसमोर तेच आलं. आणि मग साध्यासरळ माणसाचं जे होतं तेच त्याचं झालं. आपण काय गुन्हा केला असेल, हे तो आठवू लागला.

फार शोधावं लागलं नाही. गेल्या वर्षी एका जुन्या इमारतीत त्याच्या देखभालीतली लिफ्ट मजल्याच्या वीतभर खाली थांबली होती. बाहेर पाऊल टाकताना एक आजोबा पडले आणि त्यांचं मनगट मोडलं. ब्रेकचे गट्टे झिजलेत, बदलायला हवेत, असं त्यानं त्या इमारतीच्या लोकांना बजावून सांगितलं होतं. पण सांगितलं होतं ते तोंडी. आजोबांचा मुलगा भर आवारात ओरडला होता, "तुला कोर्टात खेचल्याशिवाय राहणार नाही!"

खेचलंच म्हणायचं शेवटी. त्यानं घरात येऊन पुठ्ठा टेबलावर ठेवला, हातपाय धुतले आणि बायकोला काहीच सांगितलं नाही.

त्याची बायको औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. डॉक्टरांचं अक्षर लागत नसेल तर अंदाजानं गोळी न देता सरळ डॉक्टरांना फोन लावून विचारणारी बाई ती. तिला सांगितलं असतं तर तिनं त्याच संध्याकाळी त्याला चौकीवर नेलं असतं. म्हणूनच त्यानं तिला सांगितलं नाही. तिची एक मावशी आयुष्यभर वकिली करून नुकतीच घरी बसली होती. तिच्या कानावर ही गोष्ट गेली तर सासरकडच्या सगळ्यांत आपलं नाक कापलं जाईल, ही दुसरी भीती.

दुसऱ्या दिवशी कामावर त्यानं एकालाच विश्वासात घेतलं. हा सहकारी सगळ्या विषयांत बोलायचा, म्हणून सगळे त्याला 'सर्वज्ञ' म्हणत. दोघं एका इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मोटारीच्या खोलीत बसले होते. सर्वज्ञ दोराला तेल लावत होता.

"चौकीवर? वेडा आहेस का?" सर्वज्ञ म्हणाला. "वॉरंट म्हणजे पकडायचंच. चौकशी करायला गेलास की आयताच त्यांच्या हातात सापडलास. माझ्या चुलत मेव्हण्याचं अस्संच झालं."

"मग काय करू?"

"काही दिवस दिसूच नकोस. ते दोनदा येतील, तीनदा येतील, कंटाळतील. वॉरंट आपोआप शिळं होतं रे."

सल्ला ऐकायला सोपा होता. आपल्याला भीती वाटत असते तेव्हा काहीच न करण्याचा सल्ला किती शहाणपणाचा वाटतो!

तो दिसेनासा झाला. उजाडायच्या आत घर सोडायचं, अंधार पडल्यावर परतायचं. फोन बंद. जिन्यात कुणाचे बूट वाजले की दिवा मालवायचा. जेवताना घास हातातच राहायचा. बायकोनं विचारलं की म्हणायचा, "काम वाढलंय." अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना तो बाहेरून नेहमी धीर द्यायचा, घाबरू नका, उगाच बटणं दाबू नका, मी आलोय. आता त्याला वाटू लागलं, आपल्याला असं म्हणणारं बाहेर कुणीच नाही.

मुलीला मात्र त्यानं एक वाक्य शिकवून ठेवलं होतं. ती आठ-नऊ वर्षांची. बेल वाजली की दार तीच उघडायची.

एका सुट्टीच्या दिवशी बेल वाजली. बायको स्वयंपाकघरात होती, तो बाहेरच्या खोलीत. त्यानं दाराच्या भिंगातून पाहिलं. साधा शर्ट घातलेला, बगलेत फाइल धरलेला एक माणूस उभा होता. हा झटकन दारामागे सरकला आणि यानं मुलीला खूण केली.

मुलीनं दार उघडलं आणि धडा म्हणावा तसं म्हणाली, "बाबा घरी नाहीत. गावाला गेलेत. कधी येतील माहीत नाही."

"बरं," तो माणूस म्हणाला. त्यानं फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि निघून गेला.

बायको हातातलं पातेलं तसंच घेऊन बाहेर आली. दारामागे भिंतीला चिकटून उभा असलेला नवरा तिनं पाहिला. मुलगी त्याच्याकडे वर बघत होती. आपण बरोबर बोललो की नाही, हे तिला विचारायचं होतं.

"हे काय चाललंय?" बायको म्हणाली. "कोण होता तो?"

"मीटर बघायला आला असेल कुणीतरी."

"मीटर बघायला आलेल्या माणसाला घाबरून तुम्ही दारामागे लपता?"

मग त्याला सगळं सांगावं लागलं. वहिनी, वॉरंट, आजोबांचं मनगट, सर्वज्ञ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग मुलीला आत पाठवलं आणि म्हणाली, "पोलीस घरी आल्याचं मला काही वाटत नाही. पण तुम्ही हिला खोटं बोलायला शिकवलंत, हे मला सहन होत नाही. अहो, निदान वॉरंट कशाचं आहे ते तरी विचारायचं!"

"कुणाला विचारू? विचारलं की धरतील."

तिनं फोन उघडला. कोर्टाची वेबसाइट शोधली. नाव टाकायची जागा सापडली, तिथं त्याचं नाव आणि आडनाव टाकलं. पडद्यावर त्याच्याच नावाचे भराभर दोन-चार जण उभे राहिले.

"बघ!" तो ओरडलाच. "हा बघ! चोरी! आरोपी फरार! हा मीच!"

"तुम्ही चोरी केलीय का?"

"नाही."

"मग तुम्ही कसे? आणि याच्या वडिलांचं नाव बघा. सासऱ्यांचं नाव हे आहे का? वय बघा, हा तर तुमच्याहून वीस वर्षांनी मोठा आहे. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळतो का? एकाच नावाच्या दोन पेशंटांची औषधं मी अशीच अदलाबदल करून दिली तर?"

एकेक करत तिनं सगळे पाहिले. त्यातला एकही तो नव्हता. वडिलांचं नाव, वय, पत्ता, कुठं ना कुठं फरक होताच. आजोबांच्या अपघाताची केसही कुठं दिसली नाही.

"नाहीच ना काही?" त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे त्या पोलिसाचीच चूक झाली असणार. दुसऱ्या कुणाचं तरी वॉरंट असेल. संपलं!"

"तरी कोर्टात जाऊन एकदा विचारू या. मावशीला फोन करते."

"मावशीला नको! वेबसाइटवर नाही म्हणजे नाही. आता हा विषय बंद."

तिनं आग्रह धरला नाही. तिलाही कामं होती, आणि खरं सांगायचं तर तिलाही 'काही नाही' हेच ऐकायचं होतं. वाचकहो, इथं तिलाही थोडा दोष द्यायला हवा. अर्धवट चौकशी ही चौकशी न करण्यापेक्षा वाईट, कारण अशा चौकशीनं मन निर्धास्त होतं.

विषय बंद झाला तो घरापुरता. इमारतीत तो चालूच होता. खालच्या मजल्यावरची मुलगी खेळायला येईनाशी झाली. तो काम करायचा त्या एका इमारतीत कुणीतरी लिफ्टच्या देखभालीसाठी दुसरा माणूस बघा म्हणून सुचवलं. आणि एके संध्याकाळी मुलीनं वहीतून डोकं वर न काढता विचारलं, "बाबा, तुम्ही चोर आहात का?"

बायकोनं दुसऱ्या खोलीत जाऊन मावशीला फोन लावला. या वेळी तो नको म्हणाला नाही.

मावशी सकाळीच आली. उंच, काटक बाई, आवाज कोर्टात घासून खणखणीत झालेला. चहाचा कप हातात घेऊन तिनं सगळं ऐकलं.

"वॉरंट शिळं होतं असं कोण म्हणालं?" तिनं विचारलं. "ते काय पाव आहे?"

त्याला हसू आलं नाही.

"हे बघ जावईबापू, नीट ऐक. वॉरंट पोलीस काढत नाहीत. कोर्ट काढतं. पोलीस फक्त घेऊन येतात. मग विचारायचं कुणाला? ज्यानं काढलं त्याला. प्रत्येक कोर्टात चौकशीची खिडकी असते. आपलं पूर्ण नाव सांगायचं, वडिलांचं नाव सांगायचं, आत्ताचा पत्ता आणि आधीचा पत्ता सांगायचा, कुठल्या चौकीचा पोलीस आला होता ते सांगायचं. ते शोधून देतात. त्याला ओळख लागत नाही की कुणाची चिठ्ठी लागत नाही. कोर्टाबाहेर 'मी मिटवून देतो' म्हणणारे भेटतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

"पण आम्ही वेबसाइटवर पाहिलं," बायको म्हणाली. "ह्यांचं नाव कुठंच नव्हतं."

"नाव घालून शोधलंस म्हणजे फिर्यादी आणि आरोपी सापडले. कोर्टाला काय फक्त तेवढीच माणसं लागतात? साक्षीदाराचं नाव तिथं कशाला दिसेल? ते आतल्या आदेशांत असतं. केस नंबर असेल तर आदेश बघता येतात, नसेल तर खिडकीवर जावं लागतं."

"साक्षीदार?" तो म्हणाला. "साक्षीदाराला कशाला वॉरंट?"

"बोलावूनही जो येत नाही, त्याला. समन्स म्हणजे कोर्टानं मारलेली हाक. ती ऐकू आली नाही की कोर्ट मोठ्यानं हाक मारतं. त्या मोठ्या हाकेला वॉरंट म्हणतात."

तो मान खाली घालून बसला. मग म्हणाला, "मावशी, तिथंच मला आत टाकलं तर?"

"पोलिसांनी धरलं तरी तुला त्याच कोर्टापुढं उभं करणार. मग स्वतःच्या पायांनी गेलेलं काय वाईट? स्वतःहून आलेल्या माणसाकडं कोर्ट वेगळ्या नजरेनं बघतं. आणि मी आहे की बरोबर. चल, चपला घाल!"

कोर्टाच्या त्या इमारतीत त्यानं कधी पाऊल टाकलं नव्हतं. लांबच लांब व्हरांडा, भिंतीला टेकून उभी असलेली माणसं, बाकांवर डबे उघडून जेवणारी कुटुंबं. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. इथं सगळेच कशाची ना कशाची वाट बघत होते. लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद चिकटवलेला होता. तो नकळत तिच्यापाशी थांबला, तेव्हा मावशीनं दंडाला धरून पुढं ओढलं.

खिडकीमागचा कारकून कॉम्प्युटरवर बोटं चालवत होता. चष्मा कपाळावर, समोर थंड झालेला चहा. त्यानं नाव विचारलं, वडिलांचं नाव, दोन्ही पत्ते, चौकी. मग पडद्यावरच्या याद्या एकेक करून खाली सरकवत राहिला. पाठीमागून कुणीतरी येऊन आपला हात धरणार, असं खिडकीबाहेरच्या या माणसाला वाटत होतं.

"आरोपी म्हणून तुमचं नाव कुठंच नाही," कारकून म्हणाला.

यानं डोळे मिटले.

"साक्षीदार म्हणून आहे. वॉरंट निघालं होतं. पण केस निकाली निघाली, तेव्हा आता त्या वॉरंटला काही अर्थ नाही. तुम्ही घरी जाऊ शकता."

"म्हणजे... सुटलो?"

"तुम्ही अडकलाच कुठं होता?"

तो हसला. मोठ्यानं, वेड्यासारखा हसला. व्हरांड्यातल्या दोनचार जणांनी वळून पाहिलं. गेल्या कित्येक दिवसांचं ओझं असं एका वाक्यात उतरलं! त्याला बायकोला फोन करायचा होता, मुलीला उचलून घ्यायचं होतं, सर्वज्ञाला शिव्या घालायच्या होत्या.

मावशी मात्र हसली नाही. तिनं खिडकीत वाकून विचारलं, "केस कशाची होती?"

"रस्त्यावरचा अपघात. टेम्पोनं एका मुलीला उडवलं. मुलगी मयत."

त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

तो प्रसंग तो विसरला नव्हता. तसं काही विसरता येत नाही. पण स्वतःचा गुन्हा शोधण्याच्या नादात वॉरंट त्या प्रसंगाचं असेल हे त्याला सुचलंच नव्हतं. सकाळची वेळ होती, तो एका इमारतीबाहेर मोटारीच्या खोलीच्या किल्लीची वाट बघत उभा होता. रस्ता ओलांडणाऱ्या एका तरुण मुलीला उलट्या बाजूनं आलेल्या टेम्पोनं धडक दिली. चालक खाली उतरला, त्यानं तिच्याकडे पाहिलं, याच्याकडे पाहिलं आणि टेम्पो घेऊन निघून गेला. गाडीचा नंबर यानंच पोलिसांना सांगितला होता. चालकाला यानंच ओळखलं होतं. "कोर्टात सांगाल ना?" असं पोलिसांनी विचारलं तेव्हा हा छातीठोकपणे म्हणाला होता, "सांगीन की! का नाही सांगणार?"

मग त्यानं घर बदललं. नवा पत्ता पोलिसांना कळवायला हवा हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याच्याही ते मनात आलं नाही. वर्षं गेली.

"निकाल काय लागला?" मावशीनं विचारलं.

"निर्दोष सुटका." कारकुनानं चष्मा डोळ्यांवर घेतला आणि वाचू लागला. "समन्स परत आलं, साक्षीदार पत्त्यावर राहत नाही. पुन्हा समन्स, पुन्हा परत. मग नवा पत्ता मिळाला, वॉरंट निघालं. कोर्टानं आणखी एक संधी दिली होती. शेवटचा पोलीस अहवाल असा आहे... 'साक्षीदाराच्या घरी समक्ष गेलो असता, घरातील लहान मुलीने वडील गावाला गेल्याचे व कधी येतील माहीत नसल्याचे सांगितले.' त्यानंतर सरकारी पक्षाचा पुरावा बंद केला, म्हणजे साक्षीदाराची आणखी वाट पाहिली नाही. प्रत्यक्ष पाहणारा दुसरा कुणी नव्हता."

साधा शर्ट, बगलेत फाइल. मीटर बघायला आलेला माणूस!

"मी आत्ता सांगतो," तो म्हणाला. "साहेब, मी इथंच उभा आहे. मी सगळं पाहिलंय. मला जजसाहेबांकडे न्या, मी आत्ता सांगतो!"

कारकून त्याच्याकडे बघत राहिला. अशी माणसं त्यानं पूर्वीही पाहिली असावीत. "निकाल लागला हो," तो मऊ आवाजात म्हणाला. "आता तुमचं ऐकायला इथं केसच नाही."

बाहेरच्या बाकावर मावशीनं त्याला बसवलं. पाणी दिलं.

"अपील?" त्यानं विचारलं.

"करता येतं. सरकार करू शकतं, मुलीची आई करू शकते. पण वरचं कोर्ट खालच्या कोर्टाची फाइल वाचतं. तुझं म्हणणं त्या फाइलमध्ये नाहीच. नवा साक्षीदार ऐका म्हणून विनंती करता येईल. क्वचित मान्य होते, बहुतेकदा होत नाही. तुला खोटी आशा दाखवणार नाही मी."

"मी काय करू मावशी? काहीतरी सांगा."

आयुष्यभर लोकांना उत्तरं देत आलेल्या त्या बाईनं पाण्याच्या बाटलीचं झाकण सावकाश लावलं. मग म्हणाली, "तिच्या आईला भेट."

तिची आई शहराच्या दुसऱ्या टोकाला, कपडे दुरुस्त करून द्यायची. खोलीच्या दारातच शिवणयंत्र, भिंतीला खुंट्यांवर टांगलेले लोकांचे कोट आणि झगे. तो आणि त्याची बायको दारात उभे राहिले. त्यानं आपलं नाव सांगितलं.

यंत्र थांबलं.

"हे नाव मला पाठ आहे," ती म्हणाली. तिनं त्यांना आत बोलावलं नाही. "प्रत्येक तारखेला शिपाई बाहेर येऊन पुकारायचा. एकदा, दोनदा, तीनदा. मी मागच्या बाकावर बसून दाराकडे बघायची. दारातून कुणीही आत आलं की वाटायचं, हाच असणार. एकदा एका म्हाताऱ्याला मी विचारलंसुद्धा, तुम्हीच का ते? तो पाणी प्यायला आत आला होता."

"काकू, मला माहीतच नव्हतं..."

"त्यांच्याकडून पैसे खाल्ले असतील, असं मला लोक सांगायचे. मी म्हणायची, नाही, मेला असेल. मेला असेल असं समजणं बरं वाटायचं."

त्याची बायको रडू लागली. तो मात्र कोरडाच उभा होता. "मी घाबरलो," तो म्हणाला. "वॉरंट आलंय कळलं आणि लपून बसलो. कशाचं ते विचारलंच नाही. मला वाटलं, मलाच पकडायला आलेत."

"आणि त्याला सोडून दिलं," ती म्हणाली.

बाहेरून मुलांच्या खेळण्याचा आवाज येत होता. तिनं सुईतला दोरा तोडला, कोट बाजूला ठेवला. मग त्याच्याकडे न बघता विचारलं, "तुम्ही जवळ होता का? शेवटी?"

"होतो. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत होतो."

"काही बोलली?"

"चप्पल मागत होती," तो म्हणाला. "एक चप्पल लांब उडाली होती. माझी चप्पल कुठंय, कामावर जायचंय, असं सारखं म्हणत होती. मी आणून पायात घातली. मग शांत झाली. दुखतंय असं नाही म्हणाली."

आईनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. "हे मला कुणी सांगितलं नव्हतं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, अगदी हळू, "पण हे तिथं सांगायला हवं होतं. दार उघडं होतं तेव्हा."

"हो काकू."

तिनं त्याला माफ केलं नाही. आजही केलेलं नाही, आणि तिनं ते करावं अशी अपेक्षा ठेवण्याचा त्याला किंवा आपल्याला अधिकार नाही. मावशीच्या सल्ल्यानं तिनं अपील केलं. त्यानं जे पाहिलं ते शपथेवर लिहून दिलं. ते विचारात घ्यायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. तारखेला तो जातो, तिच्यापासून थोडं अंतर ठेवून बसतो. कधी ती पाण्याची बाटली पुढं करते, कधी करत नाही. टेम्पोचा चालक अजून त्याच रस्त्यानं गाडी चालवतो. तो दिसला की हा कडेला थांबून टेम्पो दिसेनासा होईपर्यंत बघत राहतो. करण्यासारखं हातात काहीच नसतं.

घरी मुलीला त्यानं समोर बसवून सांगितलं, "बाबा चोर नाही. बाबा घाबरट निघाला. तू जे खोटं बोललीस ते तुझं नव्हतं, माझं होतं." तिला किती कळलं कोण जाणे. पण आता बेल वाजली की दार तो स्वतः उघडतो. परवा वरच्या मजल्यावरच्या एका शिक्षकाच्या नावानं कोर्टाचा माणूस आला आणि वहिनींनी जिन्यात आवाज खाली आणला, तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, कुजबुजू नका. वॉरंट म्हणजे गुन्हेगार नव्हे." मग तो वर गेला आणि शिक्षकांना म्हणाला, "सर, चला, मी येतो बरोबर. आधी काय आहे ते विचारू या." शिक्षक आढेवेढे घेऊ लागले. त्यानं त्यांच्या चपला उचलून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

मित्रहो, तुमच्यामाझ्या घरीही उद्या अशी बेल वाजू शकते. तेव्हा घाबरायला हरकत नाही, माणूस घाबरतोच. पण लपू नका आणि ऐकीव सल्ल्यांवर विसंबू नका. कोर्टाच्या खिडकीवर जा, आपलं पूर्ण नाव सांगा, पत्ता बदलला असेल तर तोही सांगा आणि विचारा: माझ्या नावानं काही आहे का, आणि ते कशासाठी आहे? शेजाऱ्याच्या दारात पोलीस दिसला तर त्याच्यामागे बोलू नका, त्याच्याबरोबर जा. विचारायला कोर्ट आपल्याला बंदी करत नाही. बंदी करते ती आपली लाज. आणि त्या लाजेची शिक्षा दरवेळी आपल्यालाच होते असं नाही. याच घडीला कुठल्यातरी कोर्टाच्या दारात शिपाई तुमच्या नावाचा पुकारा करत असेल, आणि मागच्या बाकावर बसलेली एखादी आई मान वळवून दाराकडे बघत असेल.